धुराची वर्दी

भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या महामार्गावर दीपनगर लागते, तेव्हा वसाहत दिसण्याआधी तिची उत्तुंग धुराडी नजरेस पडतात. महानिर्मितीच्या भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राभोवती हे गाव वाढले. प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच येथे कोळशावर चालतात. अग्नीला बंदिस्त करून त्याच्याकडून अहोरात्र काम करवून घेणे हा ज्या गावाचा नित्य व्यवसाय, त्या गावातील राहत्या घरांत मात्र, उर्वरित खानदेशाप्रमाणेच, आगीची पहिली वर्दी बहुधा माणसाच्या नाकावर अवलंबून असते. आणि माणूस गाढ झोपला म्हणजे धुराच्या वासाने त्याला जाग येईलच याचा कोणताही भरवसा नसतो. ही उणीव भरून काढणारे बिनतारी धूरशोधक, ज्यांना सर्वजण स्मोक डिटेक्टर म्हणतात, ते आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहेत. परंतु ते छताला लावणे हे काम सोपे आहे. त्यांच्या वर्दीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल अशी स्थिती निर्माण करणे हे खरे काम आहे, आणि खानदेशच्या उन्हात व दीपनगरच्या राखेत ते अन्य ठिकाणांहून अधिक अवघड आहे.

वर्दी विश्वसनीय नसली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच प्रांताने पाहिली आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या उदरात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. कापूस धुमसू लागला, त्याचा धूर काहींच्या दृष्टीसही पडला, पण वेळीच वर्दी गेली नाही. दुपारी चारनंतर झालेल्या महास्फोटांत शेकडो माणसे आणि ६६ अग्निशामक जवान प्राणास मुकले. याच्या नेमके उलट २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्या जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाच्या परिसरात घडले. पुष्पक एक्स्प्रेसला आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, भयभीत प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले, आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान बारा जीव गेले. मुंबईत धूर खरा होता आणि वर्दी नव्हती. परधाड्याला वर्दी होती आणि आग नव्हती.

घरगुती धूरशोधकांपैकी बहुतेक आता प्रकाशाच्या तत्त्वावर चालतात. काळ्या रंगाच्या, वळणावळणाच्या एका लहानशा कोठडीत अवरक्त किरणांचा दिवा आणि प्रकाश टिपणारा घटक असे बसवलेले असतात की एरवी त्या दिव्याचा प्रकाश त्या घटकापर्यंत पोहोचतच नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, त्याचा अंश त्या घटकावर पडतो, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की धूरशोधक रेडिओलहरींवरून घरातल्या मध्यवर्ती नियंत्रक पॅनेलला खबर धाडतो. दुसऱ्या, जुन्या जातीत अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. ती जात भडकत्या ज्वाळांना लवकर ओळखते, तर प्रकाशीय जात धुमसत्या आगीला. गाद्या, कापूस आणि वायरींवरील आवरण बहुधा आधी धुमसतात, म्हणून आपल्या घरांत प्रकाशीय जातच योग्य होय.

येथेच राखेचा प्रश्न उभा राहतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारणतः तीस ते चाळीस टक्के असते. धुराड्यांपूर्वीची विद्युत्-अवक्षेपक यंत्रे त्यातील बहुतांश उडती राख अडवतात, तरी कोरड्या ऋतूत वारा सुटला की सूक्ष्म भुकटी खिडक्यांच्या फटींतून घरात येऊन बसते, हे अशा वसाहतींतील गृहिणींना निराळे सांगावे लागत नाही. त्या काळ्या कोठडीला धूर आणि राख यांतील भेद कळत नाही. कण तो कण. राख साचत गेली की धूरशोधक विनाकारण केकाटू लागतो, आणि दोन-तीनदा असे झाले की घरातला कोणीतरी शिडी लावून त्याची बॅटरीच काढून टाकतो. त्यानंतर छतावर जे उरते ते केवळ प्लास्टिक. म्हणून येथे खरेदी करताना साचलेल्या धुळीची भरपाई स्वतःहून करणारा, कीटकांसाठी जाळी असलेला धूरशोधक घ्यावा, आणि तो मऊ कुंचल्याने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने किमान दर तीन महिन्यांनी साफ करावा. इतरत्र सहा महिने चालतील, येथे नाही. घरात रंगकाम किंवा फोडतोड चालू असेल तेवढे दिवस त्याच्यावर आवरण घालावे, आणि काम संपताच ते काढण्यास विसरू नये.

उन्हाची गोष्ट याहून कमी महत्त्वाची नाही. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, आणि पुष्कळशा परदेशी घरगुती धूरशोधकांच्या माहितीपत्रकावर ३८ अंशांपेक्षा अधिक तापमानात ते बसवू नयेत असे स्पष्ट छापलेले असते. अमेरिकेतल्या मुलाने सुट्टीत प्रेमाने आणून दिलेला संच या एका ओळीपायीच येथे निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय भारतात ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा जो पट्टा अशा उपकरणांना विनापरवाना खुला आहे, त्याहून निराळ्या लहरींवर बोलणारा शोधक त्या पट्ट्यावर चालणाऱ्या पॅनेलला ऐकूच येणार नाही. तापलेल्या स्लॅबखाली दुपारी उष्ण हवेचा थर दाटतो, आणि धुमसत्या आगीचा मंद धूर त्या थराला न भेदता खालीच रेंगाळतो, हेही लक्षात घ्यावे. पत्र्याच्या छपराखाली तर साधा धूरशोधक लावूच नये.

जागेची निवड करताना शयनगृह आणि त्याबाहेरचा बोळ यांना अग्रमान द्यावा. छताच्या मध्याजवळ, पंख्याच्या झोतापासून दूर, भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यापासून किमान दहा सेंटिमीटर अंतर राखून धूरशोधक लावावा, कारण त्या कोपऱ्यात हवा स्तब्ध राहते. स्वयंपाकघरात खमंग फोडणीही त्याला आग वाटेल. तेथे उष्णताशोधक योग्य, पण त्याची मर्यादा आपल्या उन्हाळ्याला साजेशी असावी. त्यानंतर प्रत्येक शोधकाची पॅनेलमध्ये नोंदणी करताना एक दक्षता अनिवार्य आहे: त्याचा झोन, म्हणजे पॅनेलवरील त्याचा विभाग, ‘चोवीस तास आग’ या प्रकाराचाच ठेवावा. तो चोरीच्या झोनसारखा नोंदला गेला, तर घरातील माणसे घरी असताना आणि प्रणाली बंद ठेवलेली असताना, म्हणजे नेमक्या संकटाच्या वेळी, तो मूक राहील.

बिनतारी यंत्रणेला तार नाही, म्हणून तुटलेली तार उघडकीस येण्याची सोयही नाही. तिच्या जागी प्रत्येक शोधक ठरावीक अवधीने पॅनेलला आपल्या अस्तित्वाचा संकेत देतो. पूर्वी गावचा जागल्या रात्री प्रहरी हाळी देई, ती चोर आल्याची नसे, आपण जागे आहोत एवढेच सांगणारी असे; हा संकेत तसाच. तो न आल्यास काही पॅनेल काही मिनिटांत तक्रार करतात, काही घरगुती पॅनेल मात्र कित्येक तासांनी. खरेदीपूर्वी हे विचारावे. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि लोखंडी कपाटे या लहरींना क्षीण करतात. तेव्हा संकेताची परीक्षा दारे बंद करून, सामानसुमान जागच्या जागी ठेवून घ्यावी.

आता परीक्षणाकडे वळू, कारण हाच या विषयाचा प्राण आहे. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना, तसेच यंत्रणा एखाद्या देखरेख केंद्राशी जोडलेली असेल तर त्या केंद्रालाही, आधी सूचना द्यावी. मग शोधकावरील परीक्षणाची कळ दाबावी. पण कळ दाबल्याने बहुधा विद्युत्-मंडल, बॅटरी आणि लहरी एवढेच तपासले जाते, धूर आत पोहोचतो की नाही हे नव्हे. त्यासाठी परीक्षणाचा फवारा वापरावा. आपल्याकडे उदबत्ती धरण्याची प्रथा आहे. तिचा तेलकट अंश कोठडीत बसतो, सबब ती टाळावी. पॅनेलवर नेमका त्याच खोलीचा झोन उमटतो का, आणि दार बंद करून उशीशी भोंगा किमान ७५ डेसिबलचा ऐकू येतो का, हे पाहावे. मग मुख्य वीजपुरवठा बंद करून हे सर्व पुन्हा करावे. कारण विजेच्या दोषाने लागलेली आग अनेकदा आधी वीजच घालवते. शेवटी एका शोधकाची बॅटरी काढून पॅनेल किती वेळाने तक्रार करते ते घड्याळ लावून पाहावे, आणि निकाल तारखेसह नोंदवहीत लिहावा.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु दक्षता कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली; त्या कक्षातील धूर कर्तव्यावरील परिचारिकेच्या दृष्टीस पडला, तेव्हा फार उशीर झाला होता. रुग्णालये, वसतिगृहे व मोठ्या इमारती यांसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे, आणि त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावा लागतो. अशा इमारतींत घरगुती बिनतारी संचावर विसंबणे गैर होय. आपल्या राहत्या घराला मात्र असा दाखला कोणी मागत नाही, म्हणून त्याची मुदत आपणच ठरवावी: कळ दर महिन्यास, फवारा वर्षातून एकदा, तोही शक्यतो होळीच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी. बॅटरी कमी झाल्याची सूचना येताच त्याच दिवशी ती बदलावी. आणि ज्या धूरशोधकाच्या पाठीवर दहा वर्षांपूर्वीची उत्पादनाची तारीख असेल, तो वाजत असला तरी काढून नवा बसवावा.