सभेतील तक्ता व पावसाचा ताजा आकडा

पेरणीपूर्वी गावात भरणाऱ्या सभेत कृषी सहायक पडद्यावर पावसाचा तक्ता दाखवितात. तो पाहून अनेक शेतकरी बांधव पेरणीचा दिवस ठरवितात. समजा, २८ मिलिमीटर पावसाची नोंद चुकून ८२ अशी झाली व मागाहून एक्सेलच्या तक्त्यात ती दुरुस्त करण्यात आली. परंतु स्लाइडवर तक्ता नुसता चिकटविलेला असल्यास तेथे ८२ हाच आकडा राहतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. चुकीच्या आकड्यावर विसंबल्यास बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो.

यावर उपाय सोपा आहे. एक्सेलची फाइल प्रथम जतन करून हवा तो भाग कॉपी करावा. नंतर पॉवरपॉइंटमध्ये ‘होम’मधील ‘पेस्ट’खाली ‘पेस्ट स्पेशल’ उघडून ‘पेस्ट लिंक’ निवडावे. यायोगे स्लाइडवरील तक्ता मूळ फाइलशी जोडलेला राहतो. सादरीकरण उघडताना विचारणा होताच ‘अपडेट लिंक्स’ दाबावे.

मात्र मूळ फाइलची जागा वा नाव बदलल्यास, किंवा केवळ सादरीकरणच पेनड्राइव्हवर नेल्यास ही जोड तुटते व जुनाच आकडा दिसत राहतो. अशा वेळी ‘फाइल’मधील ‘इन्फो’ येथे ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ उघडून ‘चेंज सोर्स’ने फाइलचे नवे ठिकाण दाखवावे. सभेपूर्वी दोन्ही आकडे ताडून पाहावेत आणि तक्त्यावर नोंदीची तारीख अवश्य लिहावी.