चहाची खुडणी : हात आणि विजेची कातर

सकाळचा पहिला पेला ओठांस लागतो तेव्हां त्यांतील पूड कोणत्या मळ्यांतून आली, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. दूध पातळ कीं घट्ट, साखर महाग कीं स्वस्त, याची चर्चा घरोघर होते; पण चहाचें पान झाडावरून कोणीं व कसें खुडलें, हा प्रश्न किटलीच्या वाफेबरोबरच विरून जातो. आज मात्र त्यास महत्त्व आलें आहे. शेंकडों वर्षें जें काम बोटांनीं होत आलें, तें आतां पाठीस विजेची पेटी बांधून हातांतल्या यंत्रानें होऊं लागलें आहे. आणि या बदलांत चहाची चव, झाडाचें आयुष्य व लक्षावधि मजूर स्त्रियांची भाकर या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

प्रथम खुडणी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. चहाचें झाड मोकळें वाढूं दिलें तर तें चांगलें उंच होतें. मळ्यांत तें छाटून कमरेएवढें ठेवतात व त्याचा माथा मेजासारखा सपाट राखतात. या माथ्यावर कोंवळे धुमारे फुटतात. धुमाऱ्याच्या टोंकाचा मिटलेला कोंब आणि त्याच्याखालचीं दोन पानें, एवढाच भाग उत्तम चहाचा. त्याखालचें पान जून होत जातें व काडींत तर चोथाच फार. आसामांत ऐन मोसमांत साधारणपणें दर आठवड्यास त्याच झाडाकडे पुन्हां फेरी येते. ताज्या पाल्यांत तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असल्यामुळें एक किलो तयार चहास सुमारें साडेचार किलो हिरवा पाला लागतो. म्हणजे किलोभर पुडीसाठीं कित्येक हजार धुमारे खुडावे लागतात. आसामांतील पुष्कळ मळ्यांत दिवसास २४ किलो पाला हा एका मजुराचा ठरीव 'ठिका' असतो. डोकीवरून पाठीवर सोडलेली टोपली, पायांखालीं चिखल व जळवा, वर ऊन नाहीं तर पाऊस, अशा स्थितींत हा ठिका पुरा करावयाचा असतो.

ज्या घरांत मेथीची जुडी निवडली जाते, त्या घरास या कामाचें मर्म वेगळें सांगावयास नको. निवडणारी बाई बोलतां बोलतां कोंवळें तेवढें खुडते आणि जून देंठ बाजूस टाकते. तीच जुडी विळीवर सरसकट चिरली तर काम झटपट उरकतें, पण देंठ भाजींत येतात. हाताची खुडणी आणि यंत्राची खुडणी यांतील सारा भेद या एका उदाहरणांत आला.

बोटांऐवजीं हत्यार वापरण्यांत जपाननें पुढाकार घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच तेथें पिशवी जोडलेली मोठी कातर वापरांत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान एंजिनावर चालणारीं यंत्रें आलीं. झाडांच्या ओळीच्या दोन बाजूंस दोघांनीं उभें राहून तीं धरावयाचीं व हळूहळू पुढें सरकावयाचें. पुढें सपाट मळ्यांसाठीं माणूस वर बसून चालवील अशींहि यंत्रें निघालीं. मात्र पेट्रोलच्या एंजिनांत कांहीं दोष होते. त्याचें वजन, त्याचा गोंगाट व त्याची थरथर दिवसभर सोसणें कठीण. शिवाय चहाचें पान भोंवतालचा वास चटकन ओढून घेतें. धुराचा किंवा तेलाचा अंश पाल्यास लागला तर तो पेल्यापर्यंत येऊन पोहोंचतो.

हे दोष विजेच्या हातयंत्रानें बरेचसे दूर केले. त्याचें पातें न्हाव्याच्या केस कापण्याच्या यंत्रासारखें असतें. दोन दांतेरी पट्ट्या एकमेकींवर बसविलेल्या असून त्या वेगानें मागेंपुढें सरकतात आणि दांतांच्या खांचेंत सांपडलेला देंठ कातरला जातो. एकट्यानें धरावयाच्या लहान यंत्राचें पातें सुमारें ३० सेंटिमीटर रुंद असतें. पात्यामागें फिरणारा लहानसा पंखा किंवा फिरकी कापलेला पाला मागें लोटते व तो जोडलेल्या पिशवींत जमतो. हातांतील भागाचें वजन बहुधा दोन किलोंच्या आसपास असतें. वीज पुरविणारी बॅटरी पाठीवर किंवा कमरेस बांधलेली असते आणि तारेनें यंत्रास जोडलेली असते.

हें यंत्र अलीकडेच प्रचारांत येण्याचें कारण बॅटरींतच आहे. मोटारगाडींत असते तसली शिशाची बॅटरी पाठीवर घेऊन डोंगर चढणें म्हणजे हमालीच. लिथियम-आयन जातीची बॅटरी तेवढ्याच वजनांत तिच्या कित्येक पट वीज साठविते. तिच्या जोडीस घासणारे ब्रश नसलेली मोटार मिळाली. ती कमी तापते व कमी झिजते. एक बॅटरी वापरांत व दुसरी भरावयास, अशी जोडी ठेवली म्हणजे काम खोळंबत नाहीं.

वेगाच्या बाबतींत हात यंत्राची बरोबरी करूं शकत नाहीं. परंतु यंत्रास डोळे नाहींत. पातें ज्या उंचीवर धरावें त्या उंचीवरचें सर्व कापलें जातें. कोंवळ्याबरोबर जून पान येतें, काडी येते, अर्धीं तुटलेलीं पानें येतात. पुढच्या फेरीसाठीं राखावयाचे इवलेसे कोंबहि जातात. तुटलेल्या कडेशीं पानांतील रसाचा हवेशीं संयोग होऊन तें तांबूस होऊं लागतें. ही क्रिया काळ्या चहास हवीच असते, पण ती कारखान्यांत, योग्य वेळीं; वाटेंतल्या पोत्यांत नव्हे. म्हणून दार्जिलिंगच्या अखंड पानाच्या चहास हें यंत्र मानवत नाहीं. महाराष्ट्रांत घरोघर उकळला जातो तो दाणेदार चहा मात्र पान चुरडून, फाडून व वळवूनच तयार होतो. तेथें ही हानि तितकी जाणवत नाहीं.

झाडाचाहि विचार केला पाहिजे. पान हें झाडाचें स्वयंपाकघर आहे. माथ्याखालच्या हिरव्या पानांचा थर पात्यानें वारंवार ओरबाडला गेला तर झाड उपाशी पडतें. म्हणून जाणता मळेवाला दोन फेऱ्यांत अधिक दिवसांचें अंतर ठेवतो, दर फेरीस पातें किंचित् वर धरतो आणि मधून मधून हाताची खुडणी करवितो. धार बोथट झाली तर देंठ कापला न जातां चेंगरतो. म्हणून पात्यास वेळचे वेळीं धार व तेल द्यावें लागतें.

आतां राहिला माणसांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत बिकट आहे. निलगिरीच्या डोंगरांत एक-दोन एकरांचे धनी असलेले हजारों लहान शेतकरी आहेत. मुलें शिकून शहरांत गेलीं, मजूर मिळेनासे झाले. पाला मात्र थांबत नाहीं. अशा घरास हें यंत्र म्हणजे आधारच. भारतांतील अर्ध्याहून अधिक चहा आज अशा लहान उत्पादकांच्या पाल्यापासून होतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मोठ्या मळ्यांची गोष्ट निराळी. आसामांतील ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत २०२३ सालीं दिवसाची मजुरी २५० रुपये झाली. मजुरास ती अपुरी वाटते आणि मालकास जड वाटते, कारण चहाच्या उत्पादनांत सर्वांत मोठा खर्च मजुरीचाच. अशा वेळीं मालकाचें लक्ष यंत्राकडे जाणें स्वाभाविक आहे.

याचा परिणाम काय होऊं शकतो तें आफ्रिकेंतील केनिया देशानें पाहिलें. तेथील केरिचो भागांत मे २०२३ मध्यें खुडणीचीं यंत्रें आल्यानें रोजगार बुडाला म्हणून संतापलेल्या जमावानें तीं यंत्रेंच जाळलीं. १८११ नंतर इंग्लंडांत विणकऱ्यांनीं मागांवर घातलेले घाव ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यांत नवें कांहीं दिसणार नाहीं. यंत्र जाळल्यानें भाकर परत येत नाहीं. पण भाकर गेल्यावांचून यंत्र कोणी जाळीत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

खुडणी हें प्रामुख्यानें स्त्रियांचें काम. यंत्र येतें तेव्हां मात्र तें अनेकदां पुरुषाच्या हातीं दिलें जातें, आणि पिढ्यान् पिढ्या पान ओळखणारी बाई बाजूस पडते. वस्तुतः कोणतें पान कोंवळें, पातें किती उंच धरावें, कोणत्या झाडास आज सोडावें, हें जिला कळतें तिच्याच हातांत यंत्र शोभेल. तें तिला शिकविलें, वाढलेल्या पाल्यांतील वांटा तिच्या मजुरींत पडला, उतारावर तिच्या पाठीचें ओझें बेताचें राहील हें पाहिलें, तर हीच कातर तिचे कष्ट हलके करील. तसें झालें नाहीं तर पाला तेवढाच येईल, पूडहि तेवढीच होईल. पण ज्या बोटांनीं आजवर चहा पाजला, तीं रिकामीं राहतील.