जेट बोटीचे स्पेसिफिकेशन कसे वाचायचे? भाट्ये खाडी समोर ठेवून एक हिशेब

नवीन जेट बोट बाजारात आली की तिचा व्हिडिओ फोनवर यायला वेळ लागत नाही. निळंशार पाणी, पांढरी बोट, मागे उडणारा फवारा आणि खाली आकड्यांची रांग: लांबी, अश्वशक्ती, टॉप स्पीड, ड्राफ्ट, टाकी. त्यापाठोपाठ मला हमखास प्रश्न येतो, "ही आपल्याकडे चालेल का?" या वेळी तो भाट्यातल्या एका ओळखीच्या तरुणाने विचारला. दोन मित्रांबरोबर बोट घेऊन पर्यटकांना फेऱ्या मारायचा त्याचा विचार आहे. थोडे घरचे पैसे, बाकी कर्ज. म्हणजे इथे आकडे चुकीचे वाचले तर हप्ता तिघांच्या डोक्यावर राहणार, आणि बोटीत बसणारी माणसं तर वेगळीच. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

जेट बोट म्हणजे नेमकं काय?

आपल्या मच्छीमार बोटीला मागे पाण्यात पंखा असतो. जेट बोटीला बाहेर पंखा नसतोच. बोटीच्या तळाला एक जाळीदार तोंड असतं. तिथून पाणी आत ओढलं जातं, नळीतला इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, त्याला जोर देतो आणि मागच्या अरुंद नोझलमधून ते पाणी वेगाने बाहेर फेकलं जातं. पाणी मागे, बोट पुढे. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला की कसा पळतो, तसंच.

हे तंत्र रुळवलं न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, १९५० च्या दशकात. तिथल्या नद्या उथळ आणि दगडगोट्यांच्या, त्यात साधा पंखा टिकत नव्हता. पाण्याचा झोत बोटीच्या तळाखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या वर सोडला तर वेग वाढतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि जेट बोट खऱ्या अर्थाने कामाची झाली. भारतातही तिचा मोठा प्रवास झालाय. १९७७ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोहोचले. आपल्या तटरक्षक दलाकडे एल अँड टी कंपनीने बांधलेल्या ५४ इंटरसेप्टर बोटी आहेत, त्याही वॉटरजेटवर चालतात. त्यांचा वेग ४५ नॉटपर्यंत.

म्हणजे तंत्र उत्तम आहे. प्रश्न इतकाच, की मौजेसाठी बनवलेली वीस-बावीस फुटी बोट भाट्याच्या पाण्यात काय करेल?

भाट्याचं पाणी कसं आहे?

काजळी नदी भाट्ये पुलाखालून येऊन समुद्राला मिळते. एका बाजूला राजीवाडा, दुसऱ्या बाजूला भाट्याची सुरूच्या झाडांची लांब पुळण. नदी गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो आणि दोन्ही मिळून खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा तयार करतात. हा दांडा एका जागी राहत नाही. ओहोटीला तिथे पाणी इतकं उतरतं की मच्छीमारांना भरतीची वाट बघत थांबावं लागतं. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या वर फरक पडतो. दुपारनंतर वारा सुटला की बाहेर लाटा उठतात. पाणी खारं, त्यात वाळू, आणि जोडीला तुटक्या जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, प्लास्टिक.

आता ब्रोशर उघडू आणि एकेक आकडा या पाण्याशी ताडून पाहू.

१. ड्राफ्ट: बोटीला किती खोल पाणी लागतं?

ब्रोशरमध्ये ड्राफ्ट साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर दिसेल. वाचून वाटतं, वा, गुडघाभर पाण्यात चालते! पण हा आकडा बोट नुसती तरंगत असतानाचा. इंजिन जोरात चालू केलं की तळाचं तोंड व्हॅक्यूम क्लीनरसारखं खालची वाळूही ओढतं. म्हणून या प्रकारच्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये सुरू करताना तळाखाली किमान ६० ते ९० सेंटिमीटर पाणी ठेवायला सांगितलेलं असतं. खरा आकडा तो.

वाळू आत गेली तर काय होतं? इम्पेलर आणि त्याभोवतीची कडी, जिला वेअर रिंग म्हणतात, यांच्यात अगदी बारीक फट असते. वाळूने ती घासून रुंदावते. मग इंजिन ओरडतं, पण बोट पळत नाही. दांड्यावरून रोज ये-जा करायची असेल तर वेअर रिंग ही वर्षभरात बदलायची वस्तू धरूनच चला. घेताना विचारा: वेअर रिंगची किंमत किती, ती रत्नागिरीत बसवता येते का, आणि तोंडात अडकलेली दोरी पाण्यात न उतरता काढायला वरून झाकण आहे का? अशी झाकणं काही बोटींना असतात. आपल्याकडे हे झाकण म्युझिक सिस्टीमपेक्षा जास्त उपयोगाचं.

२. अश्वशक्ती आणि टॉप स्पीड

टॉप स्पीड बहुतेकदा ताशी मैलांत दिलेला असतो. ५० मैल म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे ४३ नॉट. पण हा वेग मोजताना बोटीत एक-दोन माणसं असतात, टाकी अर्धवट भरलेली असते आणि पाणी तळ्यासारखं शांत असतं. आठ माणसं बसवून, लाटांत हा आकडा दिसणार नाही.

काही कंपन्या अश्वशक्ती छापतच नाहीत, फक्त इंजिन किती लिटरचं ते सांगतात. तेव्हा विक्रेत्याकडून अश्वशक्ती लेखी मागून घ्या. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे.

आणखी एक गोष्ट. वॉटरजेटची कार्यक्षमता जास्त वेगात चांगली आणि कमी वेगात वाईट असते. खाडीत मच्छीमार बोटींच्या मधून हळू जायचं असेल तर साधा पंखा कमी इंधनात तेच काम करतो. डॉल्फिन दाखवायला संथ फेरी मारणार असाल, तर जेट कशाला?

३. इंधन: खरा खर्च इथे आहे

पेट्रोल इंजिनासाठी जुना ढोबळ नियम आहे: पूर्ण जोरात चालवलं तर अश्वशक्तीला दहाने भागा, तितके अमेरिकन गॅलन दर तासाला जळतात. एक गॅलन ३.७८ लिटरचा. म्हणजे २५० अश्वशक्तीच्या बोटीला तासाला सुमारे ९५ लिटर.

पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू. दहा मिनिटांची फेरी पूर्ण जोरात मारली तर सोळा लिटर, म्हणजे १,६०० रुपये. निम्म्या खर्चात चालेल अशा बेताने मारली तर ८०० रुपये. सहा पर्यटक बसले तर माणशी नुसतं पेट्रोल १३५ ते २६५ रुपये. यात हप्ता, चालक, विमा, दुरुस्ती काहीच नाही. बनाना राइड आणि जेटस्कीचे दर माहीत असलेला गिऱ्हाईक किती देईल, हे तुम्हीच मांडा.

टाकी १९० लिटरची असेल तर पूर्ण जोरात ती दोन तासांत रिकामी. आणि टाकी शेवटपर्यंत वापरायची नसते. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, हा नियम पाळायचाच.

४. पेट्रोल कुठलं? हा मुद्दा बहुतेक जण बघत नाहीत

अमेरिकी ब्रोशरमध्ये "८७ ऑक्टेन" किंवा "९१ ऑक्टेन" लिहिलेलं असतं. तिथली मोजायची पद्धत वेगळी आहे. तिथलं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५ च्या आसपास. सुपरचार्जर असलेल्या जोरदार इंजिनांसाठी अनेकदा हेच सुचवलेलं असतं.

त्याहून महत्त्वाचं इथेनॉल. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण आलंय. बोटींच्या इंजिनांचे मोठे उत्पादक मात्र साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. खाडीच्या दमट हवेत, पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या बोटीच्या टाकीत पाणी जमलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: आमच्या पंपावरचं पेट्रोल वापरलं तर वॉरंटी राहील का? उत्तर कागदावर घ्या, तोंडी नको.

५. कूलिंग: खारं पाणी इंजिनात शिरतं का?

इथे दोन पद्धती आहेत. ओपन लूपमध्ये समुद्राचं पाणीच इंजिनात फिरून त्याला थंड करतं. यामाहाची जेट इंजिनं या पद्धतीची. क्लोज्ड लूपमध्ये गाडीसारखं कूलंट आतल्या आत फिरतं आणि बाहेरच्या पाण्यात उष्णता सोडतं. रोटॅक्स इंजिनं या पद्धतीची. सी-डू आणि स्कॅरॅब या नावांच्या बोटींत ती असतात.

दोन्ही पद्धतींच्या बोटी जगभर समुद्रात चालतात. पण ओपन लूप घेतलीत तर दिवसाची शेवटची फेरी झाली की गोड्या पाण्याने इंजिन धुणं चुकवून चालत नाही. त्याचा क्रमही ठरलेला: आधी इंजिन सुरू, मग पाण्याचा नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर पाणी इंजिनात शिरू शकतं. क्लोज्ड लूपमध्येही एक्झॉस्ट आणि जेटचा भाग धुवावाच लागतो. तेव्हा बोट जिथे ठेवणार तिथे गोड्या पाण्याचा नळ आहे का, हे आधी बघा. एप्रिल-मेमध्ये तो चालू असतो का, हेही बघा.

६. किती माणसं आणि किती लाट?

ब्रोशरमध्ये "१० जण" लिहिलेलं असतं. युरोपच्या नियमात एक माणूस ७५ किलोचा धरतात. म्हणजे दहा जण ७५० किलो. आपण सहा-सात मोठी माणसं, दोन मुलं, पिशव्या असं मिळून मोजतो, आणि "एक अजून बसू दे ना" हेही असतंच. आकडा माणसांचा नव्हे, किलोंचा बघा.

त्याच कागदावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर शोधा. ही युरोपातली श्रेणी. सी म्हणजे वारा सहा फोर्सपर्यंत आणि लाट दोन मीटरपर्यंत. डी म्हणजे वारा चार फोर्सपर्यंत आणि लाट फूटभर, क्वचित अर्धा मीटर. डी श्रेणीची बोट पुलाच्या आतल्या शांत पाण्यात ठीक, दांड्याबाहेर मुळीच नको. २०२१ मध्ये आलेल्या सी-डू स्विचसारख्या सपाट डेकच्या जेट बोटी दिसायला प्रशस्त आणि चढायला सोप्या, पण त्यांचा स्वभाव तळ्याचा आहे. समुद्रासाठी तळ खोल व्ही आकाराचा हवा, नाहीतर प्रत्येक लाट पाहुण्यांच्या कंबरेत बसते.

७. सुकाणू आणि ब्रेक

जेट बोटीला वेगळं सुकाणू नसतं, झोत वळवला की बोट वळते. म्हणजे घाबरून थ्रॉटल सोडला की झोत बंद, आणि वळणंही जवळपास बंद! बोट सरळ पुढे जात राहते. समोर पोहणारा माणूस किंवा होडी असेल तर हाच क्षण घातक. नव्या मॉडेल्समध्ये झोत उलटा फिरवून वेग कमी करायची सोय आणि कमी वेगात वळायला मदत करणारे पंख असतात. ही सोय आहे का, आणि थ्रॉटल सोडल्यावर बोट कशी वागते, हे चाचणी फेरीत स्वतः चालवून बघा. बाहेर उघडा पंखा नाही म्हणून पोहणाऱ्याला धोका कमी, हे खरं. पण तळाच्या तोंडाजवळ सैल दोरी किंवा लांब मोकळे केस गेले तर ते ओढले जातात, हेही तितकंच खरं.

एक इंजिन की दोन? दोन असतील तर एकात जाळं अडकलं तरी दुसऱ्यावर परत येता येतं. पण पेट्रोल, वेअर रिंग, सर्व्हिस सगळं दुप्पट.

ब्रोशरमध्ये नसलेल्या गोष्टी

प्रवासी फेऱ्यांसाठी नोंदणी आणि परवानगी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. चालकाचं प्रशिक्षण गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं. पावसाळ्यात कोकणात जलक्रीडा बंद असते, म्हणजे हप्ते बारा महिने आणि धंदा जेमतेम नऊ. त्यातही खरी गर्दी दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार आणि मे महिन्याची.

मी त्या तिघांना काय सांगितलं? बोट निवडायच्या आधी एक महिना दांड्यावरचं पाणी मोजा. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत, भरतीला आणि ओहोटीला, दोरीला वजन बांधून. दिवसातून किती तास तिथे मीटरभर पाणी असतं ते वहीत लिहा. ते तास गुणिले फेऱ्या गुणिले माणसं, वजा पेट्रोल. त्यातून हप्ता सुटत असेल तर क्लोज्ड लूप, सी श्रेणी, खोल व्ही तळ आणि वरून उघडणारं झाकण असलेली बोट बघा, भले तिचा टॉप स्पीड दहा मैलांनी कमी असो. सुटत नसेल तर पंख्याची, आउटबोर्ड इंजिनाची साधी फायबर बोट घ्या. ती बिघडली तर दुरुस्त करणारा मिस्त्री मिरकरवाड्यात मिळण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

त्यांनी वही आणली आहे. पहिल्या आठवड्याचे आकडे भरून झालेत.