गवयाचा तनखा आणि घोड्याचा दाणा

बडोद्याच्या जुन्या घरांतून प्रतापसिंहराव गायकवाडांच्या घोड्यांच्या गोष्टी अजून निघतात. १९४५ साली महाराजांनी इंग्लंडात २८,००० गिन्या मोजून एक शिंगरू घेतले. तो त्या काळचा उच्चांक. त्याला आजोबांचे, म्हणजे सयाजीरावांचे, नाव दिले. १९४७ साली त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली. पुढच्या वर्षी 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज मारली.

अभिमान वाटावा असेच हे यश. पण पैसा कोणाचा? १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा महाराजांनी खजिन्यातून उचललेल्या रकमांचा प्रश्नही उभा राहिलाच. माझे वडील दरबारचे गवई. ते म्हणत, "गवयाचा तनखा आणि घोड्याचा दाणा एकाच कोठीतून येतो, आणि ती कोठी रयत भरते." म्हणून घोड्यांच्या खर्चाला नावे ठेवताना आम्ही कलावंत कारखान्यातली मंडळी जरा जपूनच बोलतो.

राजाश्रय गेला. आता शर्यतींना पोसतो तो पैज लावणारा. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. कराच्या पंगतीत मात्र तिचे पान जुगाराशेजारीच मांडलेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर २८ टक्के लागला. तो क्लबच्या दलालीवर की पैजेच्या सगळ्या रकमेवर, हा वाद पुढे कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली दलालीचा पक्ष उचलून धरला; १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दुरुस्तीने संपूर्ण रकमेचा नियम पक्का केला; आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला.

समजा, शंभर रुपयांच्या पैजेत क्लबला दहा राहतात. दहांवर कर घेतला तर चार रुपये. शंभरांवर घेतला तर चाळीस, म्हणजे क्लबच्या साऱ्या मिळकतीच्या चौपट! अशाने पैज थांबत नाही. ती बिनपरवाना बुकीकडे जाते. तेथून सरकारलाही काही मिळत नाही आणि घोड्यालाही नाही.

जेथे आपल्या महाराजांचे घोडे धावले, त्या इंग्लंडने १९६१ साली कायदा करून बुकींकडून वेगळी पट्टी घेण्यास आरंभ केला. ती रक्कम शर्यतींची सुधारणा, घोड्यांची पैदास आणि पशुवैद्यकाची प्रगती यांसाठीच राखलेली असते. आपल्याकडचा कर सर्वसाधारण तिजोरीत जातो.

पैजेपायी संसार बुडतात, तेव्हा तिला लगाम हवाच. परंतु घेतलेल्या करातला एक वाटा मोतद्दार, जॉकी आणि थकलेली जनावरे यांच्यासाठी कायद्याने बांधून द्यावा. गाण्यासाठीही आमचे मागणे याहून निराळे नाही : मेहेरबानी नको, नेमणूक हवी.