नास्तिक्य ते ख्रिस्तश्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचा एक विचार

मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आत्मकथनांची चर्चा ‘धर्मांतर’ या संज्ञेच्या आधारे केली जाते. या संज्ञेमुळे एका धर्मातून थेट दुसऱ्या धर्मात प्रवेश असे चित्र उभे राहते आणि दोहोंमधील अश्रद्धेचा कालखंड दुर्लक्षित राहतो. पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) १९०७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मनिवेदन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

येथे ‘नास्तिक’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक ठरते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर्काच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्यास नास्तिक म्हटले आहे. आधुनिक व्यवहारात ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा तो नास्तिक. रमाबाईंची अश्रद्धा पहिल्या प्रकारची होती.

ती एका आघातात निर्माण झाली नाही. दुष्काळात आई, वडील व बहीण यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचा आचार चालू राहिला, श्रद्धा मात्र थंडावली. १८७८ मध्ये कलकत्त्यास गेल्यानंतर त्यांनी धर्मशास्त्रांचे अध्ययन केले. अन्य बाबतींत परस्परविरोधी असलेली ही शास्त्रे स्त्री व शूद्र यांना हीन लेखण्यात एकमत आहेत, हा त्यांचा निष्कर्ष निर्णायक ठरला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी केलेला नोंदणी विवाह या अश्रद्धेचीच परिणती होय.

नव्या श्रद्धेचे मूळही याच प्रश्नात आहे. इंग्लंडमधील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चाललेले सेवाकार्य त्यांनी पाहिले. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना तेथे उमगली. शास्त्रांनी जिला मोक्षाचा अधिकार नाकारला, तिच्याशी येथे ख्रिस्त स्वतः संवाद करतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि प्रश्न विचारण्याची वृत्ती लोपली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका मांडल्या आणि धर्मपीठाचा अधिकार निमूटपणे मान्य केला नाही. ख्रिस्ती धर्म लाभला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांना सुमारे आठ वर्षांनी जाणवले.

म्हणून ‘बंडखोर रमाबाई’ आणि ‘श्रद्धाळू रमाबाई’ अशी विभागणी टिकत नाही. ज्या न्यायबुद्धीने त्यांची जुनी श्रद्धा मोडली, तिनेच नव्या श्रद्धेचीही परीक्षा घेतली.