दिसले म्हणजे ओळखले नव्हे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत, टेक्सासमध्ये मामाकडे गेलो होतो. तिथले शेतकरी रानडुकरांनी हैराण आहेत. काही शतकांपूर्वी स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे रानात सुटली आणि वाढत गेली. आज ती वीस लाखांहून अधिक असावीत असा अंदाज आहे. एक कळप रात्रीत शेत उकरून टाकतो. म्हणूनच २०१९ पासून तिथे खासगी जमिनीवर, मालकाची संमती असल्यास, त्यांच्या शिकारीला परवाना लागत नाही. उन्हाळ्यात डुकरे रात्रीच बाहेर पडतात, त्यामुळे शेतकरी थर्मल दुर्बीण वापरतात.

मामाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर आम्ही रात्री निघालो. गाडीच्या बंद काचेतून मी थर्मल दुर्बीण लावली, तर काहीच दिसेना! मामा हसला. "अरे, काच खाली कर." साध्या काचेतून ही उष्णतेची किरणे जात नाहीत. म्हणून या दुर्बिणीचे भिंग सहसा जर्मेनियमचे असते.

नाइट व्हिजन चांदण्यांचा अंधुक प्रकाश वाढवून दाखवते. थर्मलला प्रकाश लागतच नाही. प्रत्येक वस्तूतून अवरक्त किरणे निघतात. ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या या लहरी आतल्या संवेदकाला किंचित तापवतात आणि त्या फरकातून चित्र बनते. सूर्यास्तानंतर दगडही तापलेले असतात, तेव्हा चित्र गढूळ येते. रात्र चढून जमीन निवली की प्राणी ठळक दिसतात. दाट धुके किंवा पाऊस असेल तर मात्र अंतर घटते.

काच खाली केल्यावर दूर एक पांढरा ठिपका दिसला. मी कुजबुजलो, "डुक्कर!" शेतकऱ्याने रायफलला हातही लावला नाही. आम्ही वाऱ्याचा अंदाज घेत जवळ गेलो. ठिपक्याला लांब पाय फुटले, मान वर झाली. ते वासरू होते. मला घाम फुटला.

१९५८ मध्ये जॉन जॉन्सन या शास्त्रज्ञाने याच्या पायऱ्या मांडल्या: काहीतरी आहे हे कळणे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळणे आणि नेमके काय आहे हे ओळखणे. पहिल्या पायरीला चित्रातले दोन-तीन ठिपके पुरतात. शेवटच्या पायरीला त्याच्या कितीतरी पट लागतात. मी पहिल्याच पायरीवर निकाल देऊन बसलो होतो.

त्या शेतकऱ्याचा एक नियम मला फार पटला. शोध हातातल्या दुर्बिणीने घ्यायचा, रायफलवरच्या दुर्बिणीने कधीच नाही. कारण तसे केले तर ओळख पटण्याआधीच नळी कुणावर तरी रोखली जाते. तो 'कुणी' माणूसही असू शकतो.

आपल्या देशात कायदा वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुकराची शिकार हा गुन्हा आहे. पण हा नियम आपल्या फायरिंग रेंजवरही तितकाच खरा आहे. उद्या रात्रीच्या पहाऱ्यावर असाच ठिपका दिसेल, तेव्हा मला ते वासरू नक्की आठवेल.