नाग धरायला परवानगी कोण देतो?

मलकापुराहून हमरस्त्याने कोल्हापूरच्या बाजूला निघालं की पुढे पेठ नाका लागतो. तिथून उजवीकडे वळायचं. थोड्या वेळात शिराळा गाव येतं. जुनी माणसं ह्याला बत्तीस शिराळा म्हणतात.

नागपंचमी आली की शिराळ्याचं नाव निघतंच. इतर गावांत बाया मातीचा नाग पुजतात, नाहीतर वारुळाला जातात. शिराळ्यात जिवंत नाग पुजायची चाल होती. त्याची गोष्ट अशी सांगतात. गोरखनाथ एका घरी भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, "बाई, जिवंत नागाची पूजा करशील का?" बाई म्हणाली, "करीन." तेव्हापासून ही चाल पडली म्हणतात.

पंचमीच्या आधी गावची तरणी पोरं रानात जायची. बांधावर, ओढ्याच्या कडेला नाग हुडकायची. धरलेला नाग मडक्यात ठेवायची. पंचमीला घरोघर पूजा व्हायची, अंबामातेचं दर्शन व्हायचं आणि मग मोठी मिरवणूक निघायची. नंतर नाग पुन्हा रानात सोडून द्यायचे. नाग मारायचा नाही, हा गावचा नेम. तो खरोखर चांगला नेम होता.

मग सरकार आणि कोर्ट मधे का आलं?

1972 साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ह्या कायद्यात 'शिकार' ह्या शब्दाचा अर्थ मोठा आहे. जीव घेणं ही तर शिकारच. पण नुसतं धरणं, सापळा लावणं, हुसकून पळवणं हीसुद्धा शिकारच. पुढे सोडून दिलं तरी धरण्याचा गुन्हा घडलेलाच असतो. कोणत्या प्राण्याला किती संरक्षण, त्याच्या याद्या कायद्याला जोडल्या आहेत. नाग पूर्वी दुसऱ्या यादीत होता. 2022 साली कायदा बदलला आणि नाग पहिल्या यादीत गेला. वाघ आणि बिबट्या त्याच यादीत आहेत. पहिल्या यादीतल्या प्राण्याची शिकार केली, तर कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद होते. दंड वेगळा.

त्याआधीच, 2014 साली, शिराळ्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. कोर्टाने जिवंत नाग धरायला आणि मिरवायला मनाई केली. त्यानंतर शिराळ्यातही मातीचे नाग आणि तसबिरी पुजायची वेळ आली. गावाला हे फार लागलं.

समजा, पारावर तात्या विचारतात, "मास्तर, नाग आमचा देव. देवाला हात लावायला परवानगी कशाला?"

मास्तर म्हणतात, "तात्या, तुमचा भाव खरा आहे. पण नागाच्या बाजूने बघा. पावसाळ्याचे दिवस हे त्याच्या खाण्यापिण्याचे आणि पिलांचे दिवस. त्याच दिवसांत तो मडक्यात कोंडला जातो. तो दूध पीत नाही. बेडूक आणि उंदीर खातो. त्याला बाहेरून कान नाहीत, पण जमिनीचा हादरा अंगाला कळतो. वाजंत्री, ट्रॅक्टर, हजारो माणसं! त्याचं काय होत असेल?"

तात्या म्हणतात, "मग कायद्यात काही वाटच नाही का?"

वाट आहे. तिला सूट म्हणतात. पण सूट कोणी द्यायची आणि कशासाठी द्यायची, हे ठरलेलं आहे. शिक्षण, शास्त्रीय अभ्यास, औषधासाठी सापाचं विष काढणं, अशा कामांसाठी प्राणी धरायला परवाना मिळू शकतो. सर्पदंशावरची लस अशाच विषापासून बनते. परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांची कचेरी नागपूरला आहे. पण प्राणी पहिल्या यादीतला असला, तर आधी दिल्लीची, म्हणजे केंद्र सरकारची संमती लागते. पूजा, जत्रा, मिरवणूक ही कारणं कायद्यात लिहिलेली नाहीत.

अशी सूट मागण्याचा प्रश्न परदेशातही येतो. अमेरिकेत एका नदीवर धरण बांधत आणले होते. त्या नदीत बोटभर लांबीची एक मासोळी सापडली. तिथला कायदा 1973 सालचा. धरण झालं तर मासोळी नष्ट होईल, म्हणून 1978 साली तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने काम थांबवलं. मग सरकारने सूट देण्यासाठी सात जणांची समिती नेमली. पाच मतं पडली तरच सूट. समितीने लोकांचं म्हणणं ऐकलं, हिशेब मांडला आणि 1979 साली सगळ्यांनी एकमताने सूट नाकारली. कारण उरलेलं काम पुरं करण्याचा खर्चसुद्धा धरणातून भरून निघत नव्हता! पण पुढे त्याच वर्षी तिथल्या लोकसभेने वेगळा ठराव करून धरण पुरं करून घेतलं. मासोळी मात्र दुसऱ्या नद्यांत सापडली आणि वाचली.

आपल्याकडे परवान्यासाठी अशी उघडी सुनावणी होत नाही. सगळं कागदावर चालतं. ती झाली असती तर बरं होतं, असं आम्हाला वाटतं. शिराळ्याच्या माणसाला आपलं म्हणणं तोंडाने मांडता आलं असतं, आणि सापांचा अभ्यास करणाऱ्यालाही.

2025 साली शिराळ्याची मागणी दिल्लीपर्यंत गेली. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मोजके नाग थोड्या दिवसांसाठी धरायला परवानगी दिली. पण ती पूजेच्या नावाने नव्हती. सापांचं जुनं ज्ञान तरुणांना शिकवावं, ह्या कारणाने होती. वनखात्याची देखरेख, नागाला इजा नाही आणि काम झालं की तो रानात सोडायचा, अशा अटी होत्या. कोणाला हा विजय वाटला, कोणाला पळवाट वाटली.

"आणि माझ्या मक्यात रानडुकरं घुसतात त्याचं काय?" तात्या विचारतात.

रानडुक्कर दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल, तर अधिकाऱ्याचा लेखी हुकूम मिळू शकतो. हुकमाआधी मात्र गोळी घालायची नाही. उसात बिबट्या दिसला तर गोष्ट आणखी कडक. तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांचाच लेखी हुकूम लागतो, कारणासकट. जीव वाचवताना हातून प्राणी मेला तर तो गुन्हा धरत नाहीत. पण आधी स्वतःच गुन्ह्याचं काम करीत असाल, तर ही सवलत नाही.

घरात साप निघाला तर काठी उचलू नये. वनखात्याला 1926 ह्या नंबरावर फोन करावा.

अर्ज करायचा असेल तर साधा कागद पुरतो. नाव, गाव, गट नंबर, पीक, कधी आणि किती नुकसान झालं, एवढं लिहावं. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा द्यावा. कागद कचेरीत दिला की पोच मागून घ्यावी. पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का, ते तिथेच वाचून बघावं.